नाशिकच्या थंडीत टर्की आदल्या रात्रीच सारण भरून ठेवली तर चालेल का?

नाही, सारण टर्की ओव्हनमध्ये जाण्याच्या अगदी आधीच भरायचं. कच्च्या मांसाचा रस सारणातल्या पावात मुरतो आणि पोटाचा मधला भाग सगळ्यात शेवटी तापतो, त्यामुळे साल्मोनेलासारखे जंतू तिथे तग धरतात. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम असा की सारणाच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस तापमान यायला हवं. मांडी शिजली म्हणून सारण शिजलंच असं नाही. थर्मामीटर सारणातच खुपसून बघा.

आदल्या दिवशी एवढंच करा:
- कांदा, सेलरी परतून, गार करून फ्रिजमध्ये
- पावाचे तुकडे, बेदाणे (नाशकात राहून बाहेरचे कशाला!) वेगळे, कोरडे

अंडं आणि स्टॉक आयत्या वेळी. डिसेंबरात रात्री कितीही गारठा पडला तरी ओटा म्हणजे फ्रिज नव्हे. ४ ते ६० अंशांच्या मधे जंतू भराभर वाढतात.

मात्र घरातला ओटीजी लहान असेल तर पोटात सारण भरूच नका. ते ७४ अंशांवर पोहोचेपर्यंत छातीचं मांस कोरडं ठक्क होतं. वेगळ्या भांड्यात भाजा, वरून छान कुरकुरीतही होतं.