आधी तो-ती-ते, मग डेअर-डी-दास

अगं, लेकराला घरी मराठी, सोसायटीत गुजराती, शाळेत इंग्रजी आणि आता जर्मनही शिकवायचं, म्हणून घाबरलीस? बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलीस तू. गुजराती कधी शिकलीस ते तरी आठवतं का?

जर्मनला वेळ ठरवून दे. आमच्याकडे आंघोळ आणि संध्याकाळचं खाणं जर्मनमध्ये, बस. इंग्रजीचं शाळा बघून घेते. मराठी मात्र सोडू नकोस, खरी मदत तिचीच. जर्मनमध्येही तीन लिंगं: डेअर, डी, दास, म्हणजे आपलं तो, ती, ते. फक्त जुळवत बसू नकोस. त्यांचा चंद्र आपल्यासारखाच 'तो', पण सूर्य 'ती'! माझी नात आठवडाभर 'सूर्य उगवली' म्हणत होती. आम्ही हसलो, दुरुस्त केलं नाही. 21 म्हणजे 'आइन-उंट-त्स्वान्त्सिश', एक आणि वीस, थेट आपलं एकवीस. (मधला उंट पोरांना फार आवडतो.)

त्यांच्यात 'डब्ल्यू'चा उच्चार 'व', 'व्ही'चा बहुधा 'फ'. म्हणून इंग्रजी वाचन पक्कं होईपर्यंत जर्मन अक्षरं नकोत, नुसती गाणी नि गप्पा. आणि पाहुण्यांसमोर 'बोलून दाखव बाळा' अजिबात नको. माझा तोच हट्ट नडला. पोरगी महिनाभर जर्मनमध्ये चकार शब्द बोलली नाही.