ॲपवर ख्याल शोधायचा कसा, आणि सापडल्यावर ऐकायचा कसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शास्त्रीय गायन नुकतंच ऐकायला घेतलंय. ॲपवर ‘राग यमन’ टाकलं की झोपेसाठीची बासरी आणि पावसाचे आवाज येतात. एखादा ख्याल (गायनातली रागाची सविस्तर मांडणी) सापडलाच, तर तो संपल्यावर आपोआप सिनेमाची गाणी सुरू होतात. त्याचा संथ भाग, म्हणजे विलंबित, एकीकडे आणि जलद भाग, म्हणजे द्रुत, भलतीकडे वाजतो. लोकलमध्ये तानपुरा पत्र्यासारखा ऐकू येतो. म्हणून ॲप बदलावं का?

बदलू नका. स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, यूट्यूब म्युझिक, जिओसावन, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच होईल. ॲपला राग कळत नाही. त्याला शीर्षकातली अक्षरं कळतात आणि तुम्ही कुठे काय दाबलं ते कळतं. हे धरून चाललात तर तिथे केवढातरी खजिना आहे.

आधी शोधाबद्दल. या ॲपमधली प्रत्येक नोंद मुळात तीन रकान्यांवर उभी असते: गाण्याचं नाव, कलाकार, अल्बम. तीन-चार मिनिटांच्या गाण्याला तेवढं पुरतं. ख्यालाला गायक, राग, ताल, लय, बंदिशीचा (गायल्या जाणाऱ्या रचनेचा) मुखडा म्हणजे सुरुवातीची ओळ, तबल्यावर कोण, संवादिनीवर कोण, ध्वनिमुद्रण कोणत्या वर्षीचं, एवढं सगळं लागतं. रागासाठी वेगळा रकाना नसल्यामुळे कंपन्या तो शीर्षकात कोंबतात, तोही ज्याला जसं सुचेल तशा स्पेलिंगने. कधी शीर्षकात फक्त मुखडा असतो आणि रागाचं नावच नसतं. कधी तबलावादकाचं नाव मुख्य कलाकार म्हणून पडतं. साथीदारांची नावं तर बहुतेक वेळा गायब असतात, त्यामुळे ‘अमुक तबलजींची साथ असलेले ख्याल’ असा शोध घेताच येत नाही.

याउलट शीर्षकात ‘राग यमन’ ठळक अक्षरांत कोण लिहितं? झोपेचं, ध्यानाचं, ‘रिलॅक्सिंग’ संगीत बनवणारे. त्यामागे पैशाचं साधं गणित आहे. स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम मोजला जातो. दोन मिनिटांची बासरी वाजली तरी एक, आणि ५० मिनिटांचा बडा (विलंबित) ख्याल पूर्ण ऐकला तरी एकच. तासाभरात तीस तुकडे वाजवता येत असतील तर त्या व्यवहारात ख्याल हरणारच. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या (७८ आरपीएम) तबकडीनेही गवयांना तीन-साडेतीन मिनिटांत राग मांडायला लावला होता. पण तिथे बंधन तंत्राचं होतं आणि त्या तेवढ्या वेळात अब्दुल करीम खाँ, केसरबाई केरकर यांनी जे साधलं ते आजही थक्क करतं. आताचं तंत्र तासभर सलग वाजवू शकतं, तरी हिशेबाची रीत तुकड्यांच्या बाजूची आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून रागाचं नाव एकटं कधीच टाकू नका. गायकाचं आडनाव आणि राग अशी जोडी टाका, आणि ती रोमन लिपीत टाका, कारण जुन्या मुद्रणांच्या नोंदी बहुतेक रोमनमध्ये आहेत. मग स्पेलिंग बदलून पाहा. ‘भूप’मध्ये एक यू किंवा दोन ओ, शिवाय ‘भूपाली’. ‘बागेश्री’च्या शेवटी आय किंवा दोन ई, आणि ‘बागेश्वरी’सुद्धा. ‘मन्सूर’मध्ये यू किंवा दोन ओ. ‘यमन’ जुन्या नोंदींत ‘इमन’ म्हणूनही येतो. तीन-चार रूपं तपासल्याशिवाय ‘इथे नाहीच’ असं ठरवू नका.

त्याहून हमखास उपाय म्हणजे बंदिशीचे शब्द. यमनची ‘एरी आली पिया बिन’ ही पारंपरिक बंदिश टाकली की एका फटक्यात वेगवेगळ्या घराण्यांचे (गायनपरंपरांचे) गायक समोर येतात, आणि झोपेची बासरी त्यात येत नाही, कारण तिला शब्दच नाहीत. बंदिशींचे मुखडे कुठल्याही रागपरिचयाच्या पुस्तकात मिळतात. तिथून उचला.

नावं सारखी आणि राग वेगळे, ही एक फसगत टाळा. कर्नाटक संगीतातला ‘तोडी’ हा आपला तोडी नव्हे. त्याचे स्वर आपल्या भैरवीचे आहेत. तिकडचा ‘हिंदोलम्’ म्हणजे आपला मालकंस, आपला हिंडोल नव्हे. आपला यमन तिकडे ‘कल्याणी’च्या जवळ जातो आणि भूप ‘मोहनम्’च्या. नवख्याने ‘तोडी’ टाकून चार गाणी ऐकली आणि चारही एकमेकांशी जुळेनात, तर दोष त्याच्या कानाचा नसतो.

निकाल आले की वाजवण्याआधी लांबी बघा. विलंबित ख्याल साधारण १५ ते ४० मिनिटांचा, द्रुत ४ ते १२ मिनिटांचं. तीन-सव्वातीन मिनिटांचं मुद्रण असेल आणि गायक जुन्या पिढीचा असेल तर ती तबकडी आहे, बिनधास्त ऐका. पण कलाकाराचं नाव अनोळखी, एकाच वर्षात पाच-पन्नास अल्बम, प्रत्येक तुकडा दोन-अडीच मिनिटांचा, साथीदार कोणी नाहीत, मुखपृष्ठावर चंद्र किंवा कमळ, अशी नोंद दिसली तर पुढे चला. असलं बरंचसं संगीत आता यंत्राकडून बनवलेलं असतं. त्यात स्वर रागाचे असतात, पण राग वाढत नाही. कुठलाही तुकडा उचलून कुठेही लावला तरी फरक पडत नाही.

आता शिफारशींबद्दल, म्हणजे ख्यालानंतर सिनेमाची गाणी का येतात ते. शिफारशीचं मुख्य तत्त्व असं की तुमच्यासारखं ऐकणाऱ्या इतरांनी आणखी काय ऐकलं ते तुम्हाला दाखवायचं. स्पॉटिफायची दर सोमवारची ‘डिस्कव्हर वीकली’ यादी २०१५ साली याच पायावर सुरू झाली. लाखो लोक जे ऐकतात तिथे हे उत्तम चालतं. ललिता-गौरीसारख्या दुर्मीळ रागाला श्रोते मोजकेच, आणि तेही उरलेल्या वेळात सिनेमाची गाणी ऐकणारे. मग यंत्र त्यांच्या उरलेल्या वेळाचं अनुकरण करतं.

यात तुमच्या सवयीने भर पडते. पाच मिनिटं आलाप ऐकून ‘नंतर निवांत ऐकू’ म्हणून तुम्ही पुढचं लावता. गाणं अर्धवट सोडलं गेलं, एवढंच ॲपला समजतं आणि ते त्याला नापसंती धरतं. चाळीस मिनिटांच्या ख्यालाबाबत हे रोज घडतं. तेव्हा थांबायचं असेल तर ‘पुढे’ दाबू नका, ‘थांबा’ दाबा आणि नंतर तिथूनच चालू करा. आवडलं ते हृदयाची खूण दाबून किंवा स्वतःच्या यादीत टाकून जपा. नुसतं ऐकण्यापेक्षा यादीत टाकणं हा जास्त स्पष्ट इशारा आहे.

एकाच खात्यावर मुलांची बडबडगीतं आणि रात्रीचे पावसाचे आवाज वाजत असतील तर शिफारशी बिघडणारच. स्पॉटिफायमध्ये अशा वेळी ‘प्रायव्हेट सेशन’ चालू करा. ते काही तासांनी आपोआप बंद होतं, म्हणून दर वेळी पाहावं लागतं. कायमचा उपाय हवा असेल तर ती यादी उघडून तीन टिंबांच्या मेनूतून ‘टेस्ट प्रोफाइल’मधून (तुमच्या आवडीच्या नोंदीतून) वगळा. ॲपल म्युझिकमध्ये सेटिंग्जमधलं ‘यूज लिसनिंग हिस्ट्री’ बंद करता येतं. यूट्यूब म्युझिकमध्ये पाहण्याचा इतिहास थांबवता येतो आणि नकोशा नोंदी एकेक करून पुसताही येतात. एवढं केल्यावर सरळ ‘ऑटोप्ले’ (आपोआप पुढचं वाजणं) बंद करा. ख्याल संपल्यावर दोन मिनिटं शांतता मिळणं हाही ऐकण्याचा भाग आहे.

ऑटोप्लेच्या जागी स्वतःचा माग काढा. दोन वाटा आहेत. एक वाट गुरूची: अब्दुल करीम खाँ, त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, मग सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी आणि गंगूबाई हनगल. एकच किराणा घराणं, पण चार आवाज आणि चार स्वभाव. जयपूर घराण्यात अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर, पुढे मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर, आणि मंजी खाँ-भुर्जी खाँकडे शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर. दुसरी वाट रागाची: एक राग महिनाभर धरायचा आणि तो किराणा, जयपूर, ग्वाल्हेर, आग्रा अशा चार घराण्यांत ऐकायचा. यमन किंवा भूप घ्या, मुद्रणं भरपूर आहेत. चौथ्या गायकापर्यंत पोहोचाल तेव्हा राग कुठला आणि गायकाचा हिशेब कुठला, हे वेगळं दिसायला लागेल. ही यादी ॲप करून देणार नाही, पण तुम्ही केलेली यादी नीट सांभाळेल.

विलंबित-द्रुत तुटण्यावर उपाय सेटिंग्जमध्ये आहे. ‘शफल’ बंद. ‘क्रॉसफेड’ शून्य सेकंद. स्पॉटिफायमध्ये तो १२ सेकंदांपर्यंत वाढवता येतो आणि कोणी वाढवून ठेवला असेल तर विलंबिताचा शेवट आणि द्रुताची सुरुवात एकमेकांत मिसळते. ‘ऑटोमिक्स’ (गाणी आपोआप एकमेकांत जोडणं) बंद, ‘गॅपलेस’ (मध्ये खंड न पडता वाजणं) चालू. गाणं शोधपट्टीतून नव्हे, अल्बम उघडून वाजवा. काही ॲपच्या फुकट आवृत्तीत क्रम आपल्या हातात नसतो, तिथे मात्र इलाज नाही. आणि एखादा ख्याल बावीस-तेवीस मिनिटांवर हळूहळू विरून पुन्हा उगवत असेल तर तो एलपीच्या (जुन्या मोठ्या तबकडीच्या) एका बाजूचा शेवट आहे. ते तसंच राहणार.

आवाजाची पातळी सारखी करणारी सोयही तपासा. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएस (आवाजाच्या पातळीचं माप) आणि ॲपल उणे १६ या पातळीवर सगळं आणू पाहतात. हलक्या आलापापासून घणाघाती तानेपर्यंतचा चढ हा ख्यालाचा प्राण आहे. स्पॉटिफायमध्ये ‘लाउड’ निवडलंत तर तोच चढ दाबला जातो. ‘नॉर्मल’ किंवा ‘क्वाएट’ ठेवा आणि फोनचा आवाज वाढवा.

आता लोकलमधला तानपुरा. नेटवर्क पडलं की ‘ऑटोमॅटिक’ गुणवत्ता खाली घसरते, अगदी २४ केबीपीएसपर्यंत (सेकंदाला किती माहिती पाठवली जाते त्याचं माप). एवढ्या कमी दरात वरच्या पट्टीतले स्वरांश (मूळ स्वरासोबत उमटणारे सूक्ष्म उंच स्वर) पाठवलेच जात नाहीत. खालच्या स्वरांवरून ते फोनमध्ये अंदाजाने पुन्हा बनवले जातात. गिटार-ड्रमच्या गाण्यात हे खपून जातं. तानपुऱ्याची जवारी, तारांचा तो झंकारणारा नाद, म्हणजे मात्र नेमके तेच वरचे स्वरांश, म्हणून सगळ्यांत आधी तीच मरते. ‘ऑटोमॅटिक’ बंद करा, घरच्या वायफायवर आधीच उतरवून घ्या आणि उतरवण्याची गुणवत्ता ३२० केबीपीएस ठेवा. तासाला १४४ एमबी लागतात, म्हणजे एका जीबीत सात तास. १६० केबीपीएसला निम्मी जागा लागते, आणि प्रवासात तेही चालतं. ‘लॉसलेस’च्या मागे ब्लूटूथवर लागू नका, कारण ब्लूटूथ पाठवताना पुन्हा दाबतोच. तो पैसा कानात घट्ट बसणाऱ्या इअरफोनवर घाला. गाडीचा खडखडाट अडला की आलाप कमी आवाजातही ऐकू येतो.

रेडिओवर किंवा दुकानात काही कानावर पडलं तर शझाम हे वाजणारं गाणं ओळखणारं ॲप उपयोगी पडेल, पण त्याची मर्यादा लक्षात ठेवा. ते ध्वनीतल्या ठळक बिंदूंचा ठसा जुळवतं, म्हणजे नेमकं तेच मुद्रण त्याच्या साठ्यात असेल तरच ओळखतं. प्रत्यक्ष मैफलीत त्याचा उपयोग नाही. गुगलची २०२० पासूनची गुणगुणून शोधण्याची सोय चालीवर जाते. नाट्यपदाला, भावगीताला चालते, ख्यालाला नाही. राग ओळखणाऱ्या यंत्रांवर बार्सिलोनाच्या पोंपेउ फाब्रा विद्यापीठातल्या ‘कॉम्पम्युझिक’ प्रकल्पाने चांगलं काम केलं आहे. तरी भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर तेच. एकाचा वादी (सर्वांत महत्त्वाचा स्वर) गंधार, दुसऱ्याचा धैवत. मारवा, पूरिया, सोहनी यांचंही असंच. स्वर मोजून हे सुटत नाही, ते कसे फिरतात ते बघावं लागतं. म्हणून यंत्राने लावलेल्या रागनावाची खात्री जाणत्याकडून करून घ्या.

या संगीत ॲपखेरीज आकाशवाणीची ‘रागम’ ही २०१६ पासूनची चोवीस तासांची शास्त्रीय वाहिनी ‘न्यूज ऑन एआयआर’ ॲपवर फुकट आहे. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षांचा, त्यामुळे जुन्या तबकड्या इंटरनेट आर्काइव्हवरही भरपूर सापडतात.

त्या ऐकताना मात्र वेग तपासा. सुरुवातीच्या काळातल्या सगळ्या तबकड्या नेमक्या ७८ वर मुद्रित झालेल्या नव्हत्या. ७४च्या आसपास झालेली तबकडी ७८ वर फिरवून उतरवली की सूर जवळजवळ एक पट्टी (हार्मोनियमवरची लगतची पट्टी) चढतो आणि ताना उगाच चपळ वाटतात. यूट्यूबवर तर हक्काच्या तपासणीतून सुटण्यासाठी मुद्दाम सूर चढवून टाकलेल्या प्रतीही असतात. सूर मोजणारं ट्यूनर ॲप लावून षड्ज (सा) बघा. हार्मोनियमच्या पट्ट्यांत पुरुषांचा साधारण पांढरी १ ते काळी २, स्त्रियांचा पांढरी ४ ते काळी ५. अब्दुल करीम खाँसाहेब उंच पट्टीत गात आणि गंगूबाईंचा आवाज खालचा, असे अपवाद धरा. त्याच गायकाच्या दुसऱ्या दोन मुद्रणांशी ताडून एक पट्टीचा फरक दिसला तर दुसरी प्रत शोधा. नसेलच मिळत, तर फाइल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये उघडून वेग आणि सूर दोन्ही एकत्र बदलणारा पर्याय निवडा आणि वेग सुमारे साडेपाच टक्के उतरवा. यूट्यूबच्या वेग कमी करण्याच्या बटणाने काम होणार नाही, कारण ते लय उतरवतं आणि पट्टी तशीच ठेवतं.