हेडलाइट वेळेवर बंद होत नाहीत, बॅटरी उतरते. शोरूम म्हणतं चूक तुमची

प्रश्न: आम्ही साधारण सव्वा वर्षापूर्वी नाशिकमध्ये ९ लाख ४० हजारांची पेट्रोल हॅचबॅक घेतली. गाडी मिस्टरांच्या नावावर आहे. ते नोकरीसाठी मस्कतला असतात, गाडी चालवते मी. मी सिन्नरला नर्स आहे, दुसरी पाळी करून रात्री पावणेअकराला घरी येते. दिव्यांचं बटण 'ऑटो'वर असतं. गाडी लॉक केल्यावर हेडलाइट ३० सेकंद चालू राहतील आणि आपोआप विझतील, असं डिलिव्हरीच्या दिवशी सांगितलं होतं. गेल्या सात महिन्यांत तीनदा सकाळी गाडी सुरूच झाली नाही. त्यांपैकी एकदा आदल्या रात्री एक वाजता वॉचमनकाकांनी दार वाजवलं होतं, "ताई, गाडीचे दिवे जळतायत." शोरूमने दर वेळी बॅटरी चार्ज करून दिली. आता म्हणतात बॅटरीच बदला, ६,२०० रुपये होतील. ती वॉरंटीत बसत नाही, कारण दिवे चालू ठेवणं ही ग्राहकाची चूक, शिवाय तुम्ही बाहेरून डॅशकॅमेरा बसवला आहे. ग्राहक कोर्टात जाऊ का? नवी गाडी मागता येईल का?

उत्तर: ताई, तुमचं पत्र आणि सोबत पाठवलेली तिन्ही जॉबकार्डं, म्हणजे शोरूमने गाडीची तक्रार आणि काम लिहून दिलेले कागद, वाचली. तिन्हींवर जवळपास एकच ओळ आहे: 'बॅटरी उतरली, चार्ज केली, ओके.' हेडलाइटचा उल्लेख एकातही नाही. तुमची केस आज जिथे अडली आहे ती इथेच. तुम्ही तोंडाने सांगितलंत की दिवे विझत नाहीत, कागदावर आलं की बॅटरी उतरते. ही दोन वेगळी भांडणं आहेत. पहिलं तुम्ही जिंकू शकता, दुसऱ्यात शोरूम सहज सुटेल.

का ते सांगते, त्यासाठी थोडा हिशेब करू. तुमच्या बॅटरीवर ३५ एएच लिहिलंय, म्हणजे ३५ अँपिअर-तास. हॅलोजनचा लो बीम ५५ वॅटचा, दोन्ही मिळून ११०. त्यात मागचे दिवे, पार्किंग, नंबरप्लेटचा दिवा धरले की १३० वॅटच्या आसपास. १२ व्होल्टला हे साधारण ११ अँपिअर होतात. असे दिवे ३० सेकंद जळले तर बॅटरीतून जातात ०.०९ अँपिअर-तास, म्हणजे पाव टक्का. कंपनीने टायमर तीन मिनिटांचा ठेवला असता तरी दीड टक्काच गेला असता. तेव्हा 'टायमरमुळे बॅटरी खराब होते' असं तक्रारीत लिहू नका. समोरचा वकील हेच गणित मांडेल आणि तुमची तक्रार तिथेच ढिली पडेल.

आता तुमची ती रात्र घ्या. पावणेअकराला गाडी लावली, एकला काकांनी दार वाजवलं. सव्वादोन तास. ११ अँपिअरने अंदाजे २५ अँपिअर-तास गेले, ३५ पैकी. सकाळी स्टार्टर फिरला नाही यात काहीच नवल नाही. गाडीची बॅटरी एका झटक्यात मोठा करंट देऊन इंजिन सुरू करण्यासाठी बनवलेली असते, तळापर्यंत उतरण्यासाठी नाही. अशी दोन-तीनदा पूर्ण उतरली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि नंतर कितीही चार्ज केली तरी ती पहिल्यासारखी ताकद धरत नाही. म्हणजे आज बॅटरी खरोखरच मेली असेल, तरी ती मेली दिवे न विझल्यामुळे. तुमच्या तक्रारीचा कणा हा आहे आणि सगळे कागद याच्याभोवती उभे करायचे आहेत.

शोरूमचं पहिलं म्हणणं, बॅटरी वॉरंटीत नाही. हे अर्धं खरं असू शकतं. बॅटरी आणि टायरची वॉरंटी बऱ्याचदा ते बनवणाऱ्या कंपन्या वेगळी देतात. तुमच्या कागदांत बॅटरीचं वेगळं वॉरंटी कार्ड असेल, ते शोधा. नसेल तर शोरूमकडे लेखी मागा. पण तुमची मूळ तक्रार बॅटरीबद्दल नाहीच. दिवे विझवण्याचं काम उजेड ओळखणारा सेन्सर, रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि या सगळ्याला हुकूम देणारं बॉडी कंट्रोल मॉड्यूल करतं. हे गाडीचे भाग आहेत. गाडीच्या वॉरंटी पुस्तिकेत इलेक्ट्रिकल भागांबद्दल काय लिहिलंय ते नीट वाचा आणि त्या पानाची झेरॉक्स काढून ठेवा.

दुसरं म्हणणं, चूक तुमची. ऑटोवर ठेवलेले दिवे आपोआप विझले पाहिजेत, असं सांगूनच गाडी विकली. जे आपोआप व्हायचं ते झालं नाही, तर बटणाकडे बोट दाखवता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'दोष' या शब्दाची व्याख्या कलम २(१०) मध्ये आहे. वस्तूचा दर्जा किंवा कामगिरी कायद्याप्रमाणे, कराराप्रमाणे किंवा विकणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे हवी, त्यात उणीव म्हणजे दोष. तीन खेपांत मूळ कारण न शोधता नुसती बॅटरी चार्ज करून देणं ही कलम २(११) ची 'सेवेतील त्रुटी'. दोन्ही मुद्दे तक्रारीत वेगवेगळे लिहा. एकात एक मिसळू नका.

तिसरं, डॅशकॅमेरा. इथे मात्र मला तुमची काळजी वाटते. तुम्ही लिहिलंय की दुकानदाराने फ्यूज बॉक्समधून वायर काढून दिली. ती वायर सतत चालू राहणाऱ्या फ्यूजवर असेल आणि कॅमेरा पार्किंग मोडवर, म्हणजे गाडी बंद असतानाही चालू असेल, तर तो रात्रंदिवस करंट खातो. पाव अँपिअर धरला तरी दिवसाला ६ अँपिअर-तास. सुट्टीत गाडी चार दिवस उभी राहिली तर नुसत्या कॅमेऱ्याने बॅटरी उतरेल. समोरचा पक्ष हे उचलणार, तेव्हा आपण आधी तपासून घेतलेलं बरं. कॅमेऱ्याचा फ्यूज काढून टाका. एखाद्या चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. गाडी लॉक करून अर्धा-पाऊण तास थांबायला सांगा, म्हणजे आतली मॉड्यूलं झोपी जातात, आणि मग मीटर लावून किती करंट चाललाय ते मोजायला सांगा. सगळं नीट असेल तर तो ५० मिलिअँपिअरच्या आतबाहेर असतो. कॅमेरा काढून मोजा, परत जोडून मोजा. दोन्ही आकडे, तारीख, गाडीचा नंबर आणि त्याची सही त्याच्याच बिलावर घ्या. आकडे तुमच्या विरुद्ध गेले तर कोर्टाची पायरी चढण्याआधी ते कळलेलं चांगलं. बाजूने गेले तर शोरूमला उत्तर सरळ आहे: कॅमेऱ्यामुळे हेडलाइट चालू राहतात हे तुम्ही दाखवून द्या. काहीही झालं तरी कॅमेरा लपवू नका. लपवलेली एक गोष्ट बाहेर आली की खऱ्या दहा गोष्टींवरचा विश्वास जातो.

आता पुरावा. वॉचमनकाका तुमचे सगळ्यात मोठे साक्षीदार आहेत. त्यांच्याकडून साध्या मराठीत, त्यांच्याच शब्दांत प्रतिज्ञापत्र घ्या. कुठल्या रात्री, किती वाजता, कुठली गाडी, कोणते दिवे. सोसायटीच्या पार्किंगवर कॅमेरा असेल तर त्या रात्रीचं फुटेज आहे का विचारा. बहुतेक ठिकाणी जुन्यावर नवं चढतं, त्यामुळे ते गेलं असेल. मग पुढची रात्र आपणच टिपायची. घरी असाल त्या दिवशी बटण ऑटोवर ठेवून गाडी लॉक करा, मोबाइल स्टँडवर लावा आणि न थांबता चित्रण करा. सुरुवातीला घड्याळ आणि नंबरप्लेट एका चौकटीत दिसू द्या. दिवे विझले तरी ती क्लिप पुसू नका, किती रात्री विझले आणि किती रात्री नाही हेही उपयोगी पडतं. फुटेज किंवा मोबाइलचं चित्रण दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. सोसायटीच्या फुटेजसाठी सेक्रेटरींची सही आत्ताच घेऊन ठेवा, नंतर माणसं बदलतात. इतर दिवशी मात्र उतरताना बटण बंदवर करत जा. रात्री पाळीवरून एकटीने येताना गाडी रस्त्यात दगा देऊ नये, हे केसपेक्षा महत्त्वाचं आहे.

पुढच्या वेळी शोरूमला गेलात की जॉबकार्डावर तुमच्या शब्दांत लिहून घ्या: 'ऑटो मोडमध्ये गाडी लॉक केल्यावर हेडलाइट ठरल्या वेळेत विझत नाहीत. कारण शोधून लेखी द्यावे.' सर्व्हिस ॲडव्हायझर 'ताई, मी बघतो ना' म्हणाला तरी ओळ लिहिल्याशिवाय चावी देऊ नका. गाडी परत घेताना समाधानपत्रावर सही मागतात. तिथे 'हरकत राखून', म्हणजे तक्रार सोडलेली नाही, असं लिहून मग सही करा. ६,२०० भरून बॅटरी घ्यावीच लागली तर घ्या, ड्युटी चुकवू नका. फक्त बिलावरही 'हरकत राखून' लिहा आणि जुनी बॅटरी ताब्यात घ्या. एक्स्चेंजमध्ये ती गेली की तपासणीची वस्तूच गेली.

नव्या गाडीबद्दल विचारलंत. मागू नका. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली मारुती उद्योगच्या एका प्रकरणात क्लचच्या तक्रारीवरून पूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश उचलून धरला नाही. वॉरंटीची अट सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची होती, तेवढंच देणं लागतं असा त्याचा रोख होता. तुम्ही मागा ते असं: दिव्यांच्या यंत्रणेतला सदोष भाग बदलून द्यावा, बॅटरी बदलून द्यावी किंवा तिची किंमत परत द्यावी, टोइंगचे आणि रिक्षाचे पैसे, मनस्तापाची आणि खर्चाची रास्त भरपाई. हे सगळं ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३९ मध्ये बसतं.

तक्रार शोरूम आणि उत्पादक कंपनी दोघांविरुद्ध करा आणि कोणाचा दोष कुठला ते स्पष्ट लिहा. गोव्यातून गेलेल्या एका प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला जबाबदारीतून मुक्त केलं होतं. डीलरने केलेल्या गोष्टीची माहिती कंपनीला होती, असं तक्रारीत नेमकं मांडलेलंच नव्हतं. म्हणून आधी कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा आणि तिन्ही जॉबकार्डं जोडा. 'आम्हाला ठाऊकच नव्हतं' म्हणायला जागा ठेवू नका. त्यानंतर दोघांना १५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. दरम्यान राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर नोंद करा. पुष्कळ कंपन्या तिथेच मिटवतात.

मिटलं नाही तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगातच, म्हणजे तुम्ही म्हणता त्या ग्राहक कोर्टात, दाद मागता येते, कंपनीचं मुख्य कार्यालय कुठेही असो. तुम्ही जिथे राहता तिथे तक्रार करण्याची सोय कलम ३४ मध्ये आहे. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५ ते १० लाखांच्या मधली, त्यामुळे फी २०० रुपये. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते आणि वकील लावण्याची सक्ती नाही. गाडी मिस्टरांच्या नावावर असली तरी मालकाच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही कायद्याने ग्राहकच. तरी तक्रारदार म्हणून दोघांची नावं घाला, म्हणजे तो आक्षेपच उरणार नाही. कलम ३८ खाली प्रयोगशाळेकडून तपासणीची मागणी त्याच अर्जात करा. तिचा खर्च आधी तुम्हाला भरायला सांगू शकतात, तेवढी तयारी ठेवा. तपासणी असेल तर पाच महिन्यांत निकाल लागावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात जास्त वेळ धरून चला.

मुदत दोन वर्षांची आहे. गाडी पहिल्यांदा बंद पडली तो दिवस धरून मोजा, नोटीस पाठवली म्हणून ती वाढत नाही. तुमच्या हातात अजून सव्वा वर्षाहून जास्त आहे, पण सोसायटीच्या फुटेजच्या हातात तेवढा वेळ नाही. आज पाळीला निघण्याआधी सेक्रेटरींना दोन ओळींचं पत्र देऊन त्यावर पोच घ्या.