एटीआरवर पीक बुटके का येतात?

प्रश्न: मी फार्मा कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये आहे. इतकी वर्षं सॅम्पल केबीआरमध्ये (पोटॅशियम ब्रोमाइड) घोटून, दाबून, पेलेट म्हणजे चकती करूनच आयआर (इन्फ्रारेड) स्पेक्ट्रम घ्यायचो, आता डायमंड एटीआर आलाय, म्हणजे सॅम्पल नुसतं हिऱ्यावर दाबून मोजायचं. सॅम्पल तेच, पण जुन्या स्पेक्ट्रमवर ठेवून बघितलं तर 2900 (आकडे तरंगसंख्येचे, cm⁻¹ मध्ये) च्या आसपासचे पीक एकदम बुटके, लायब्ररी मॅच (साठवलेल्या स्पेक्ट्रमशी जुळणी) पण कमी येतो आणि 2350 ला एक पीक आहे तो कधी वर तर कधी खाली. मशीन बिघडलंय का?
– एक वाचक, बोईसर

उत्तर: नाही हो, मशीन ठीक आहे. पेलेटमध्ये किरण सॅम्पलच्या आरपार जातो, एटीआरमध्ये तो हिऱ्याच्या आतूनच परावर्तित होतो आणि हिऱ्याला टेकलेल्या सॅम्पलमध्ये अगदी थोडासा शिरून परत येतो. किती शिरतो ते तरंगलांबीवर ठरतं, आणि तरंगसंख्येचा आकडा मोठा तितकी तरंगलांबी कमी. 45 अंशाचा कोन आणि नेहमीचं सेंद्रिय सॅम्पल धरलं तर 1000 ला साधारण 2 मायक्रॉन, 3000 ला त्याचा तिसरा हिस्सा, म्हणून डावीकडचे (मोठ्या आकड्यांचे) सीएच, ओएच बंधांचे पीक बुटके दिसतात आणि उजवीकडचे उंच. शिवाय जोरदार पीक थोडे कमी आकड्याकडे सरकतात, त्यामुळे पेलेटच्या लायब्ररीशी मॅच कमी येणारच.

सॉफ्टवेअरमध्ये हा फरक भरून काढणारं एटीआर करेक्शन असतं, ते वापरा, पण मूळ स्पेक्ट्रम कायम सेव्ह ठेवा. माझं स्पष्ट मत असं की ओळख पटवायची असेल तर रेफरन्स स्टँडर्डच (त्याच पदार्थाचा खात्रीचा नमुना) त्याच एटीआरवर घ्या, मग करेक्शनची भानगडच नको.

आता 2350. तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा आहे, बॅकग्राउंड (सॅम्पलशिवायचं मोजमाप) घेतल्यानंतर मशीनजवळ माणसं वाढली, श्वास लागला की वर, हवा त्यापेक्षा मोकळी झाली की खाली. सकाळी एकदा घेतलेल्या बॅकग्राउंडवर दिवसभर काम चालवणं ही सवय मोडाच, प्रत्येक सॅम्पलआधी हिरा आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसा, पूर्ण वाळू द्या आणि नवीन बॅकग्राउंड घ्या.

पावडरचा हिऱ्याशी कॉन्टॅक्ट नीट झाला नाही तर सगळाच स्पेक्ट्रम मरगळलेला येतो. लाइव्ह प्रिव्ह्यू चालू ठेवून सॅम्पल दाबणारा स्क्रू हळूहळू पिळा, पीक वाढत जातात आणि एका क्षणी वाढायचे थांबतात, तिथेच थांबा. हात बसवायला पॉलिथिनच्या पिशवीचा तुकडा उत्तम, 2915 आणि 2848 चे दोन उंच पीक, 1470 जवळ एक आणि 720 जवळ एक, बस्स, इतका साधा स्पेक्ट्रम की गडबड लगेच कळते. लॅबमध्ये झिंक सेलेनाइडचा क्रिस्टल पण असेल तर त्यावर हा जोर लावू नका, ओरखडे पडतात, आणि ॲसिड तर त्याच्या जवळपासही नको.

केबीआर मात्र फेकू नका. फार क्षीण पीक बघायचे असतील तर आरपारची पद्धत अजूनही सरस, कारण तिथे सॅम्पलची जाडी तुमच्या हातात असते. पण हायड्रोक्लोराइड सॉल्ट केबीआरबरोबर घोटलं की क्लोराइड-ब्रोमाइडची अदलाबदल होऊ शकते, म्हणून त्यांना केसीएल (पोटॅशियम क्लोराइड) वापरतात, आणि पावसाळ्यात केबीआर ओल धरतं की 3400 आणि 1630 ला पाण्याचे पीक हजर. एटीआरमध्ये या दोन्ही कटकटी नाहीत. पण मशीनच्या आतला बीमस्प्लिटर (किरण दोन भागांत विभागणारा भाग) बहुतेक वेळा केबीआरचाच असतो, तेव्हा बोईसरच्या हवेत जूनपासून डेसिकंटवर (ओल शोषणारा पदार्थ) लक्ष ठेवा आणि इंडिकेटरचा रंग बदलला की त्याच दिवशी डेसिकंट बदलून टाका.