आधी परत आलेल्या पैशांची यादी माग

प्रिय,

तुझा प्रस्ताव वाचला. निराधार आणि वृद्धांच्या अनुदानाचं काम तंत्रज्ञानाने सुधारायचं, त्यासाठी कंपन्या आणि संस्था सोबत घ्यायच्या, हा विचार चांगला आहे. पण पहिल्या पानापासून ॲपचा आराखडा सुरू होतो, तो थोडे दिवस बाजूला ठेव. संजय गांधी निराधार योजनेतल्या विधवेला महिन्याला 1500 रुपये मिळतात. ते एखाद्या महिन्यात आले नाहीत तर नेमके कुठे अडकले, हे आधी शोध. पुण्यात खडकमाळच्या तहसील कार्यालयात संजय गांधी शाखा आहे. तिथे बँकेकडून परत आलेल्या व्यवहारांची फाइल माग. परत आलेल्या प्रत्येक रकमेपुढे कारण दिलेलं असतं. त्या कारणांप्रमाणे गट पाड.

खातं बंद, केवायसी थकलेली, ही कारणं लगेच समजतात आणि बँकेत एक फेरी मारून सुटतात. खरा गुंता आधारचा. खात्याला आधार जोडणं वेगळं आणि ते खातं एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधले व्यवहार जुळवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, मॅपरवर चढवणं वेगळं. मॅपर म्हणजे कोणत्या आधारचे पैसे कोणत्या बँकेत जायचे याची यादी. बँकेतला माणूस ‘लिंक आहे’ म्हणतो, तेही खरं असतं; तरी पैसे येत नाहीत. आधारवरून जाणारी रक्कम खाते क्रमांक बघत नाही. ती मॅपरवर या आधारपुढे कोणती बँक आहे ते बघते आणि तिथे जाते. मॅपरवर एका आधारपुढे एकच बँक राहते, शेवटी जोडलेली. कुणी आजींना दुकानात बसवून नवं खातं उघडून दिलं आणि संमतीच्या चौकटीत खूण केली, की अनुदान त्या खात्यात जाऊ लागतं. आजी मात्र जुनंच पासबुक घेऊन रांगेत उभ्या राहतात.

आणि हे पैसे परतीच्या यादीत दिसतच नाहीत, कारण सरकारच्या लेखी ते पोचलेले असतात. म्हणून दुसरी यादी तुला स्वतः करावी लागेल : संगणकावर ‘यशस्वी’, पण माणूस म्हणतो मिळाले नाहीत. ही यादी खिडकीवर बसूनच तयार होते.

उपाय सरळ आहे, वेळ मात्र खातो. बँकेत लेखी संमतीपत्र द्यायचं, त्यात ‘थेट लाभासाठी आधार सीडिंग’ (मॅपरवर नोंद) असं स्पष्ट लिहायचं, पोच घ्यायची आणि काही दिवसांनी माय आधार या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ तपासायचं. इथे पुढची अडचण येते. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो आणि तो नंबर बऱ्याचदा पुतण्याचा किंवा केव्हाच बंद पडलेला असतो. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊन आधारमधला मोबाइल नंबर बदलून देऊ शकतो. म्हणून माझ्या मते तुझा पहिला भागीदार टपाल खातं असायला हवा, सॉफ्टवेअर कंपनी नंतर.

वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेत आणखी एक बारकावा आहे. दारिद्र्यरेषेखालच्या 65 ते 79 वयाच्या लाभार्थींच्या रकमेत केंद्राचे 200 रुपये असतात, उरलेले राज्याचे. दोन्ही एकाच दिवशी जमा होतील असं नाही. मदतवाहिनीवर बोलणाऱ्याला दोन्ही जमा समोर दिसल्या पाहिजेत, नाहीतर तो ‘आले आहेत’ एवढंच सांगून फोन ठेवेल.

आता जुन्या याद्यांतली नावं आधारमधल्या नावांशी जुळवण्याबद्दल. तुमचा प्रोग्रामर इथेच चुकेल. जुने अभिलेख युनिकोडच्या, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेतांच्या, आधीच्या फाँटमध्ये असतात. ते बदलताना रफार आणि जोडाक्षरं मोडतात. ‘कुऱ्हाडे’मधला ‘ऱ्ह’ युनिकोडमध्येही दोन पद्धतींनी टंकित होतो. डोळ्यांना एकच नाव दिसतं, संगणकाला दोन. जुळवणीआधी सगळी नावं एका पद्धतीत आणायला सांग. रोमन लिपीत ‘लक्ष्मी’ किती तऱ्हांनी लिहितात ते तुला माहीत आहेच. शिवाय कुणाचं माहेरचं नाव, कुणाच्या नावापुढे ‘बाई’. जन्मतारखेवर तर विसंबूच नकोस : आपल्याकडच्या ज्येष्ठांत 1 जून आणि 1 जानेवारीला जन्मलेले इतके आहेत की तारखेवरून माणूस वेगळा काढता येत नाही. त्यामुळे यंत्राने फक्त शंका दाखवावी. नाव वगळण्याचा निर्णय माणसाने घ्यावा, आणि तोही मराठीत नोटीस देऊन, म्हणणं ऐकून.

ओळख पटवतानाही तेच. आयुष्यभर भांडी घासलेल्या किंवा बांधकामावर राबलेल्या हातांचे ठसे यंत्र ओळखत नाही. मग बुबुळं, मग चेहरा, मग ओटीपी, आणि काहीच चाललं नाही तर अधिकाऱ्याच्या सहीची नोंदवही. ही शेवटची पायरी सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या दिवसापासून हवी. आधारवरच्या 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही ओळख पटली नाही म्हणून लाभ नाकारू नये असंच म्हटलं आहे. राजगड, भोर, मुळशीच्या डोंगरी वाड्यांत नेटवर्क जातं, तेव्हा अर्ज फोनमध्ये साठून नंतर वर गेला पाहिजे, आणि अर्जाची तारीख भरल्या दिवसाचीच धरली पाहिजे.

भागीदारीचा करार करताना पैसे कशाबद्दल देतोस तिकडे लक्ष दे. नोंदणीमागे पैसे दिलेस तर नोंदण्या वाढतील, अनुदान वाढणार नाही. त्यापेक्षा अर्जापासून पहिली रक्कम जमा होईपर्यंत लागलेले दिवस मोज, आणि परत येणाऱ्या व्यवहारांची घट मोज. लाभार्थींची माहिती ही सरकारी विभागाच्या मालकीची, कंपनीच्या नाही. ती कर्ज किंवा विमा विकायला वापरायची नाही. सोर्स कोड विभागाकडे जमा. करार संपल्यावर 90 दिवसांत सगळं खुल्या स्वरूपात हस्तांतर. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या संस्थेकडून सुरक्षा तपासणी. ही कलमं गाळायचा आग्रह झाला तर सही करू नकोस. कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा (सीएसआर) निधी टॅबलेटसाठी सहज मिळतो. तिसऱ्या वर्षी एसएमएसचं, सर्व्हरचं आणि मदतवाहिनीवरच्या पगारांचं बिल कोण भरणार? तो खर्च विभागाच्या अंदाजपत्रकात आत्ताच दाखव.

भागीदार कोणाला म्हणावं याचं उदाहरण पुण्यातच आहे. ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था, 2008 मध्ये तिने महापालिकेशी करार केला. ज्यांचं पोट त्या कामावर आहे तेच करारात एक पक्ष आहेत. तुझ्या समितीतही लाभार्थी बायका, अंगणवाडी सेविका आणि आशा हव्यात, आणि जास्तीच्या कामाचा मोबदला त्यांना मिळायला हवा. फुकट राबवून घेतलेल्या माणसाकडून चांगली माहिती येत नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याच ॲपने सुटणार नाही. बहुतेक लाभार्थींसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21,000 रुपये, म्हणजे महिन्याला 1,750. पुण्यात एवढ्यात खोलीचं भाडंही भागत नाही. या अटीमुळे किती अर्ज नाकारले जातात ते वेगळं मोज आणि दर तिमाहीला मंत्रालयात कळव.

सुरुवात एकाच तहसीलपासून कर, तीन महिने. परतीची फाइल मिळाली की कारणवार आकडे मला पाठव. नावं, आधार आणि खाते क्रमांक मात्र त्यातून आधी काढून टाक.

सस्नेह.