फोक्सवॅगनसाठी घेतलेली केकेएल केबल (गाडीतले दोष लॅपटॉपवर वाचायची केबल) फोर्डला चालेल का?
बसेल, पण गाडी उत्तर देईलच असं नाही. १६ पिनांचं ओबीडी सॉकेट (गाडी तपासायला केबल लावतात ते) सगळीकडे सारखं दिसतं, आतली जोडणी मात्र वेगळी असते. केकेएलला फक्त के-लाइन ही जुनी, एका तारेवरची संवादपद्धत कळते, म्हणजे मुख्यतः ७ नंबरची पिन. अलीकडच्या गाड्या कॅन या दोन तारांच्या जाळ्यावर बोलतात, ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर. फोर्डची आणखी एक गंमत: बऱ्याच मॉडेलांत बॉडीकडची मॉड्यूल्स (दारं, दिवे वगैरे सांभाळणारी युनिट्स) ३ आणि ११ वरच्या दुसऱ्या, संथ कॅनवर असतात. म्हणून एचएस-एमएस (वेगवान-संथ कॅन) स्विचवाला यूएसबी ईएलएम३२७ अडॅप्टर घ्या, लॅपटॉपवर फोरस्कॅन हे फोर्ड तपासायचं सॉफ्टवेअर टाका. अगदी स्वस्तातले ब्लूटूथ डोंगल नकोत; नकली चिपमध्ये बऱ्याच कमांड चालतच नाहीत. जुनी केबल ठेवा, चौथ्या पिढीच्या गोल्फसारख्या गाड्यांना ती अजून उत्तम.