वॉशिंग्टन आडनावाचा माग काढायचा असेल तर

गावाच्या नावाचं इंग्रजी आडनाव हाती घेतलंत, की नकाशात ते गाव सापडलं म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. आधी त्याच नावाची गावं किती आहेत ते बघा. वॉशिंग्टन नावाचं एक गाव इंग्लंडच्या ईशान्येला, पूर्वीच्या डरहॅम परगण्यात आहे, एक दक्षिणेकडच्या ससेक्समध्ये. जॉर्ज वॉशिंग्टनचं घराणं डरहॅमकडचं. त्यांचा पूर्वज विल्यम आधी 'हर्टबर्नचा' म्हणून ओळखला जाई. 1183च्या सुमारास डरहॅमच्या बिशपशी जहागिरीची अदलाबदल करून तो वॉशिंग्टनला आला आणि नावही बदललं. म्हणजे त्याआधीच्या कागदांत 'वॉशिंग्टन' शोधत बसलात तर हा माणूस हातून निसटणार!

सामान्य माणसांचं बरेचदा उलट असे. आपल्या नागपूरकरांसारखं, गाव सोडल्यावर गावाचं नाव चिकटायचं. त्यामुळे शोध आजूबाजूच्या परगण्यांतही घ्या.

स्पेलिंगवर तर अजिबात अडून बसू नका. वेसिंग्टन, वॉशिंग्टन सगळं तपासा. आणि कृपा करून सुरुवात आजोबा-पणजोबांपासून मागे करा. चर्चच्या नोंदवह्या 1538पासून सुरू होतात, पण सगळ्याच टिकलेल्या नाहीत. 1837नंतरच्या सरकारी जन्म-मृत्यू नोंदी जास्त भरवशाच्या, आधी त्या संपवा.